पार्टी नंबर दोनची जागा

करीमभाईंचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात एक कडवं जमवत बसले होते. दोन ओळी झाल्या होत्या, तिसरी काही केल्या बसत नव्हती आणि गॅसवरचं दूध उतू जायच्या बेतात होतं. फोनवर नाव दिसलं तशी मी हॅलोसुद्धा न म्हणता ओरडले, "थांबा हो करीमभाई, आत्ता कुठं जमायलंय! सांगा तुमच्या पुंजाभाऊंना, येत्या बाजाराला उत्तर घेऊनच येते."   ते हळूच म्हणाले, "बाई... आता कोणाले आयकवता? पुंजाभाऊ गेले. सुबह चाय पिली, बोलले-चालले, अन् दहा मिनिटात सगळं झालं." मी दूध बंद केलं. ओट्यापाशी तशीच उभी राहिले... आणि पहिल्यांदा मला रडू नाही आलं, राग आला. खोटं कशाला लिहू? ज्या माणसानं सव्वीस वर्षं माझी बोलायची पाळी एकदाही चुकू दिली नाही, तो नेमका माझी पाळी असताना निघून गेला होता. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. राग थोडा उतरलाय, म्हणून लिहायला बसले आहे.

पुंजाजी धाडकर हे नाव आजच्या मुलांना माहीत आहे ते 'उतरा, गाव आलं' या अल्बममुळे. एकाहत्तर वर्षांचा, मफलर गुंडाळलेला म्हातारा, मागं इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम, आणि आठही गाणी फक्त रस्त्यावरची. बुलडाण्यातल्या कॉलेजच्या पोरांच्या फोनवर ती गाणी वाजतात. पण चाळिशीपुढच्या कुणालाही विचारा, त्यांना ते 'धाडचा पुंजा' म्हणूनच आठवतील. आमच्या धंद्यात गाणं लिहिणाऱ्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायचं असतं. त्यांच्या गाण्यात 'धाडचा पुंजा' येई, माझ्या गाण्यात 'दुसरबीडची यमुना'. ती यमुना म्हणजे मी. दिवसा अंगणवाडी सेविका आणि कार्यक्रम असेल त्या दिवशी कव्वालीची पार्टी. आम्ही दोघं एकमेकांचे दुय्यम होतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दुय्यम कव्वाली म्हणजे एका स्टेजवर समोरासमोर बसलेल्या दोन पार्ट्या, बहुतेक वेळा एक पुरुषाची आणि एक बाईची. पार्टी नंबर एकनं गाण्यातून सवाल टाकायचा, चिमटा काढायचा, सगळ्या गावासमोर इज्जतीचा पंचनामा करायचा, आणि पार्टी नंबर दोननं तिथल्या तिथं गाण्यातूनच परतफेड करायची. पोस्टरवर आमचे फोटो एकमेकांकडं डोळे वटारून छापलेले असत. स्टेजवर मी त्यांना 'अरे पुंजा' म्हणायची. खाली उतरलं की 'पुंजाभाऊ, तुम्ही चहा घेतला का?'

आता गंमत अशी की डोळे वटारणारी ही दोन माणसं गावोगाव जात होती एकाच जीपमधून. करीमभाईंची जीप, त्यांचाच बेंजो, आणि त्या जीपमध्ये दोन्ही पार्ट्यांची मिळून दहा माणसं, दोन पेट्या, दोन ढोलक्या. माझे यजमान माझ्याच पार्टीत ढोलकीवर होते, ते आता नाहीत. जीपमध्ये ते आणि पुंजाभाऊ एकाच डब्यातला ठेचा खात. पण गावात असं शिरलेलं चालत नसे. लोकांना वाटलं पाहिजे की हे खरोखरचे वैरी आहेत. म्हणून गाव दिसायला लागलं की अर्धा मैल अलीकडं करीमभाई गाडी थांबवायचे आणि ओरडायचे, "उतरा, गाव आलं!" माझी पार्टी उतरून एखाद्या लिंबाखाली नाहीतर पुलाच्या कठड्यावर बसायची. पुंजाभाऊंची पार्टी ऐटीत गावात जायची, हारतुरे घ्यायची. मग करीमभाई काहीतरी निमित्त काढून परत यायचे, पुढच्या काचेवरची झेंडूची माळ काढून ठेवायचे आणि आम्हाला घेऊन दुसऱ्या वाटेनं शिरायचे. लोक म्हणायचे, दोन्ही पार्ट्यांकडं सारख्याच रंगाची जीप आहे! आमच्या आयुष्यातले कितीतरी तास असे गावाबाहेर बसून गेलेत. उन्हातान्हात, धुळीत. मी फार चिडायची. "दर वेळी आम्हीच कामून उतरायचं? एकदा तुम्ही बसा की पुलावर!" त्यावर पुंजाभाऊंचं उत्तर ठरलेलं. "तू नंबर दोन हायस ना बे यमुने. एक नंबर कधी दोनाच्या मांगं गेला का?" पुढच्या गावाला मात्र ते स्वतःच आधी उतरले आणि मला ऐटीत पुढं पाठवलं. तेव्हापासून आळीपाळीनं उतरायची पद्धत पडली.

एकदा मात्र घोळ झाला. वडनेर भोलजीला जयंतीच्या महिन्यातला कार्यक्रम होता. आम्ही राजूर घाट उतरून तिकडं निघालो होतो, गप्पा रंगल्या होत्या, आणि करीमभाई ती अर्ध्या मैलाची जागा साफ विसरले. गाडी थेट गावात, मंडपासमोर. आणि आम्ही सगळे मागं एकाच फडक्यावर भाकरी सोडून बसलेलो, पुंजाभाऊंच्या हातात माझ्या घरची शेंगदाण्याची चटणी. मंडळाचे अध्यक्ष हार घेऊन पुढं आले आणि तिथंच थबकले. "हे तं एका फडक्यावर जेवून राह्यले! अन् आपल्यासमोर काय भांडतीन?" गर्दी जमली. कुणी म्हणालं, फसवणूक आहे, कार्यक्रम रद्द करा. करीमभाईंचा चेहरा पांढरा पडला. आणि पुंजाभाऊ? त्यांनी हातातली भाकरी तशीच उंच धरली, जीपच्या मागच्या फळीवर उभे राहिले आणि सुरात सवाल टाकला. पंचहो, या बाईनं माझी अर्धी भाकर वाटेतच खाल्ली, मी उपाशी कसा गाऊ, न्याय करा. पेटी नाही, ढोलकी नाही. मला क्षणभर कळेना, मग कळलं. मी त्याच सुरात परत फेकलं की भाकर माझी, चटणी माझी, पीठसुद्धा माझं, याचं काय होतं तर फक्त तोंड. लोक असे हसले की विचारू नका. तिथंच भर दुपारी पाऊण तास आमचं त्या भाकरीवरून भांडण चाललं आणि अध्यक्षांनी शेवटी दोघांच्या गळ्यात एकेक हार घातला. परत येताना पुंजाभाऊ करीमभाईंना म्हणाले, "करीम, तू इसरला म्हणून आज गाणं झालं बे." ते कधी कुणावर चिडले नाहीत असं नाही. पण चूक झाली की आधी तिच्यातून गाणं निघतं का ते बघायचे, चिडायचं नंतर.

गाणी ते जीपमध्येच करत. कागद-पेन नाही. पुढच्या सीटवर बसून डाव्या हातानं दारावर ताल धरायचे. घाट चढताना गाडी पहिल्या गिअरमध्ये असायची तेव्हा मुखडा, उतार लागला की अंतरा. "चढावर मानूस कमी बोलते, म्हणून मुखडा बारका पाह्यजे. उताराले कितीही बोल," असं त्यांचं शास्त्र. माझ्या बोलण्याची ते टर उडवायचे. आमचं दुसरबीड जालन्याकडं कललेलं, मी 'मला, तुला' म्हणायची, तर म्हणत, "आली पहा मराठवाड्याची मॅडम." आणि लोकांनी आमच्याबद्दल जे काय जोडायचं ते जोडलंच. मी त्याचा बाऊ केला नाही, कारण त्यांच्या बायकोनं, कासावहिनींनी, पहिल्याच भेटीत तो विषय संपवला होता. त्या कधी कार्यक्रमाला आल्या नाहीत. शेत, दोन म्हशी आणि सासू यांतून त्यांना सवड नव्हती. धाडला त्यांच्या ओसरीवर मी अवघडून बसले होते, तर मला म्हणाल्या, "हे घरी जेवायले येतेत अन् भांडायले तुह्याकडं जातेत. मले बरंच हाय की." आणि माझ्या पुढ्यात वांग्याची भाजी वाढली.

मग माझा आवाज गेला. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि नंतर तो पहिला चढा, स्वच्छ आवाज परत आलाच नाही. घोगरा, चिरकलेला, मध्येच फाटणारा. मी पार्टी मोडली. पेटी देऊन टाकली. पुंजाभाऊंनी नंतर दोन-तीन जणींबरोबर कार्यक्रम केले. ते मला आवडलं नाही, हेही लिहून टाकते. कुणी सांगितलं की फलाण्या गावात पुंजाजींचं नव्या बाईशी रंगलं, की माझी भाजी करपायची. पुढं त्यांनीही ते सोडलं. जीप विकली गेली. आम्ही सणावारी भेटायचो, तब्येती विचारायचो. मला वाटलं होतं, संपलं सगळं. दोन म्हातारी माणसं, आता औषधांच्या गोळ्यांवर बोलायचं आणि घरी जायचं.

दोन वर्षांपूर्वी नीलेश नावाचा एक तरुण त्यांच्याकडं आला. बुलडाण्याचा, रॉक बँड चालवणारा, इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा. त्याला पुंजाभाऊंची जुनी जयंतीची गाणी रेकॉर्ड करून ठेवायची होती. पुंजाभाऊ म्हणाले, ती गाणी सगळे गातात, ती कुठं हरवत नाहीत. माझ्याकडं आठ गाणी अशी आहेत जी कुणी कधी मागितली नाहीत, कारण ती गावात गायची नव्हेतच, दोन गावांच्या मधली आहेत. पंक्चरची, पुलावर बसण्याची, एसटी चुकल्याची, परतीच्या वाटेवर कुणीच न बोलण्याची. मग नीलेशनं ॲम्प्लिफायर लावून गिटार छेडली. दुसऱ्या कुणी या वयाच्या माणसानं कानांवर हात ठेवले असते. हे डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, "हा आवाज मले ठाऊक हाय. करीमच्या जीपचं सायलेन्सर फुटलं होतं तवा आठ दिवस असाच येत होता. याच्यावरच होतीन माहे गाणे." हे मला नीलेशनं सांगितलं, आणि सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.

त्यानंतर एक दिवस पुंजाभाऊ आणि करीमभाई एसटीनं दुसरबीडला आले. चहा झाला. पुंजाभाऊ म्हणाले, "यमुना, गाणे करून राह्यलो. तुही बाजू तुले म्हणाची हाय." मी सरळ नाही म्हणाले. म्हणाले, माझा गळा गेलाय, तुम्हाला माझं हसं करून घ्यायचंय का? मला वाटलं, आग्रह करतील, भांडतील. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि बशीतला चहा संपवून निघाले. त्या 'बरं'नं मला चार दिवस झोप येऊ दिली नाही. आपण नको म्हणावं आणि समोरच्यानं ऐकावं, यासारखा अपमान नाही!

पुढं रेकॉर्डिंग सुरू झालं. नीलेशच्या घरी वरच्या खोलीत, त्याच्या आईच्या झाडून सगळ्या गाद्या भिंतीला टेकवून. तिथं एक भलतीच अडचण झाली. पुंजाभाऊ चार ओळी म्हणायचे आणि थांबायचे. ड्रम चालू, गिटार चालू, आणि हे गप्प. उजवा हात समोर पसरून उभे. पोरांना वाटलं, म्हातारा शब्द विसरतो. नीलेश म्हणाला, "काका, पुढची ओळ सांगू का?" तर म्हणाले, "इसरलो नाही बे. तिचं होऊ दे." कुणाचं? तर पार्टी नंबर दोनचं. नीलेशनं समजावलं की त्या येणार नाहीत म्हणाल्या, तेवढ्या जागेत आपण गिटार भरू. यांनी साफ नकार दिला. जागा तिची आहे, तिथं कुणी बसायचं नाही. आठच्या आठ गाणी अशी भोकं पडलेली तयार झाली. शेवटी नीलेश वैतागून मला न विचारता दुसरबीडला आला, ओट्यावर लॅपटॉप ठेवला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही गाऊ नका. फक्त एकदा ऐका." पंक्चरचं गाणं लावलं. पुंजाभाऊंचा आवाज आला.

चाक काढलं पुंजानं, जॅक लावला पुंजानं,
बाई बसली सीटवर, वारा घेते पदरानं!

आणि पुढं नुसता ड्रम. मी कणीक मळत होते. हात कणकेत, आणि तोंडातून आपोआप निघून गेलं.

चाक काढलं पुंजानं, नट सांडले पुंजानं,
वेचून दिले बाईनं, त्याच तिच्या पदरानं!

तशी ती खरी गोष्ट होती, दुसरं काय! मग माझ्या लक्षात आलं की मी गायले, आणि गळा मध्येच फाटला होता, नेहमीसारखा. मी शरमले. पण नीलेश माझ्याकडं बघतच राहिला. "काकू, असा आवाज यावा म्हणून आम्ही मशीनं लावतो हो. तुमचा तर आयताच आहे!" अकरा वर्षं ज्या आवाजाची मी लाज बाळगली, भजनातसुद्धा ओठ हलवून वेळ मारून नेली, तो आवाज त्या गिटारीच्या शेजारी असा बसला की जणू तिथलाच होता. सात गाण्यांतली उत्तरं मी चार दिवसांत रेकॉर्ड केली. पहिल्या दिवशी मी खोलीत शिरले तेव्हा पुंजाभाऊंनी एवढंच विचारलं, "वेगळ्या गाडीनं आली ना? नाहीतं लोकं म्हणतीन, एकाच जीपमधून आले." करीमभाई कोपऱ्यात बेंजो घेऊन बसले होते. ते डोळे पुसत होते आणि म्हणत होते, धूळ फार आहे इथं. गाद्यांनी भरलेल्या खोलीत धूळ! मला त्या चार दिवसांचा जेवढा अभिमान वाटतो तेवढा सगळ्या पोस्टरांचा मिळून वाटत नाही.

राहिलं आठवं गाणं. अल्बममधलं शेवटचं. ते त्यांनी मला आधी ऐकवलं नव्हतं, दुय्यममध्ये ऐकवतही नाहीत. माझ्यासमोर उभं राहून, हसत हसत त्यांनी सवाल टाकला.

सव्वीस साल भांडलो आपण, सोडलं नाही गाव,
कुठं माहा लागला डाव, कुठं तुहा डाव;
धाडचा पुंजा इचारते, नको खाऊ भाव,
रस्ता सरत आला यमुने, जिंकलं कोण? घे नाव!

मी तोंड उघडलं. 'मी' म्हणायला काय लागतं? स्टेजवर शंभरदा म्हटलंय. पण समोर तो म्हातारा माणूस, मफलर, सुजलेली पावलं, माझ्या उत्तराची मजा घ्यायला टपलेला... 'मी' म्हणावं तर जीभ रेटेना, 'तुम्ही' म्हणावं तर तेही खरं नव्हतं, आणि त्यांना दयेचं उत्तर दिलेलं कळलं असतं. ड्रम वाजत राहिला आणि माझी जागा निघून गेली. तीनदा प्रयत्न केला. मी म्हणाले, "पुंजाभाऊ, उद्या सांगते." ते इतके खूश झाले की काय सांगू! नीलेशला म्हणाले, "तशीच सोड जागा. गाणं जाऊ दे बाहेर. तिले सुचलं की सांगीन, मी कुठं जाऊन राह्यलो?" आणि गाणं खरंच तसं बाहेर आलं. शेवटी सवाल, मग नुसता ड्रम आणि गिटार, आणि माझी रिकामी जागा. लोक नीलेशला कळवायचे, तुमच्या फाइलमध्ये काहीतरी बिघाड आहे.

अल्बमचं कौतुक झालं ते सगळं इथं सांगत नाही, तुम्ही ऐकलं असेल. पण बुलडाण्याच्या सभागृहात त्यांनी तो पहिल्यांदा सादर केला तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे. पुढच्या रांगांत जुने रसिक, लुगड्यातल्या बाया, टोप्या. मागं कॉलेजची पोरं. पहिल्या गिटारीला पुढच्या रांगा दचकल्या, पण पुंजाभाऊंनी 'उतरा, गाव आलं' अशी हाक मारली तशी सगळी माणसं एकदम हसली आणि मग पुढची-मागची असा काही फरक राहिला नाही. पुण्याहून एकाचा फोन आला होता. गाणी छान आहेत, पण शब्द जरा शुद्ध मराठीत करून दिले तर मोठ्या कार्यक्रमात घेऊ म्हणाला. पुंजाभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमचा रस्ता गुळगुळीत हाय. माहे गाणे त्याच्यावर घसरतीन." आणि फोन ठेवून दिला. ज्या माणसानं उभा जन्म गावाबाहेर उतरून वाट बघण्यात घालवला, त्याला शेवटी कुणाच्या वेशीत शिरायची गरज उरली नाही, आणि हे बघायला मी तिथं होते. मला माझ्या दुय्यमचा गर्व आहे. समोरचा एवढा मोठा नसता तर मी काय एवढी मोठी झाले असते?

शेवटचं भेटलो ते धाडच्या बाजारात. कासावहिनी मिरच्या निवडत होत्या आणि हे पिशवी धरून उभे. मला बघितलं तशा दुरूनच भुवया उडवल्या. "सुचलं का?" मी म्हणाले, नाही. "मंग मी जिंकलो म्हण." मी म्हणाले, "असं कसं? आठ-पंधरा दिवस द्या. असं उत्तर आणते की परत सवाल टाकणार नाही तुम्ही." वहिनी मिरच्यांतून मान वर न करता म्हणाल्या, "लवकर आण बाई. हे रोज सकाळी मलेच इचारतेत, काय सांगीन ती म्हणून." तिघं हसलो. त्यांनी मला बाजारातली पहिली बोरं घेऊन दिली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात करीमभाईंचा फोन.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम धाडलाच, त्यांच्या घरासमोर मंडप घालून झाला. वंदना झाली, भाषणं झाली. माणसं मंडपात मावेनात, एवढी गावं आली होती. सगळ्यात शेवटी नीलेशनं स्पीकर लावला आणि ते आठवं गाणं वाजवलं. मी पुढं सतरंजीवर बायकांत बसले होते. भर दुपारी त्या मंडपात पुंजाभाऊंचा आवाज घुमला. जिंकलं कोण? घे नाव! आणि रिकामी जागा सुरू झाली. नुसता ड्रम. मला जाणवलं की सगळे माझ्याकडं बघताहेत. आता दुय्यमचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंच असोत, बक्षिसं असोत, खरा निकाल एकाच गोष्टीवर लागतो. दोन्ही पार्ट्या बैठक मारून असतात, आणि जी पार्टी आधी उठते ती हरली. पाय सुन्न होवोत, ताप असो, उठायचं नाही. सव्वीस वर्षांत आमच्यातलं कुणीच आधी उठलं नव्हतं, दर वेळी लोकच उठून घरी जायचे. इतके महिने जी ओळ जमत नव्हती ती मला त्या सतरंजीवर बसल्या बसल्या समोर दिसली. माइक नव्हता. मी फाटक्या गळ्यानं, स्टेजवरच्या त्या एकेरीत, उत्तर दिलं.

भांडायाला बसलो होतो, अर्धा राह्यला डाव,
मी तं इथंच बसलेली, रिकामा तुझा ठाव;
आधी उठला धाडचा पुंजा, सोडून गेला गाव,
हरला पुंजा, हरला लोकहो... आता कुणाचं घेऊ नाव?

 मागून करीमभाईंचा हुंदका ऐकू आला, आणि जुने लोक माना डोलवायला लागले. त्यांना नियम ठाऊक होता. मला वाटलं होतं, उत्तर दिलं की मोकळं वाटेल. कसलं मोकळं? आयुष्यभराचा सामना जिंकून मी तिथं बसले होते आणि मला ढसाढसा रडू येत होतं. जेवणाच्या पंगती बसल्या, उठायलाही लागल्या. कुणीतरी म्हणालं, यमुनाबाई, चला, दोन घास खाऊन घ्या. मी मान हलवली. मला उठवेनाच. एकदा उठले असते तर सगळंच संपलं असतं. बायका आल्या, समजावून गेल्या. मंडप निम्मा रिकामा झाला. तेवढ्यात कासावहिनी आतून आल्या, दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन. एक माझ्यापुढं ठेवलं. दुसरं घेऊन त्या सतरंजीच्या पलीकडच्या बाजूला गेल्या आणि माझ्या बरोबर समोर बसल्या, मांडी घालून, पदर खोचून. उभ्या आयुष्यात त्यांनी आमचा एक कार्यक्रम पाहिला नव्हता.

"जेव," त्या म्हणाल्या. "अन् हरला-बिरला म्हणू नको. धाडची पार्टी अजून बसलेली हाय."